तेवीस नंबरचं मशीन

बजरंगनं मशीनच्या पत्त्यातला शेवटचा आकडा खोडला आणि त्या जागी सतरा टाकला. ओके दाबून तो खुर्चीत न बसताच, टेबलाच्या कडेला तळवा टेकून, वाकून पाहत राहिला. पडद्याच्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह एकदा मिटलं आणि परत उमटलं. आज परीक्षा घेणार असलेल्या कंपनीचं पान त्यानं उघडून पाहिलं. एरवी लॅबमध्ये ते पान उतरेपर्यंत चहा पिऊन होत असे. आता ते लगेच समोर आलं, चित्रांसकट.

त्यानं पान बंद केलं, मशीनवर प्लास्टिकचं झाकण परत घातलं आणि दाराकडे पाहिलं. सकाळचे साडेसात वाजले होते. लॅब तीनमध्ये साठ मशीनं झाकलेली होती आणि तेवीस नंबरचं मशीन त्यांतल्या कुठल्याही मशीनसारखंच दिसत होतं.

तेवीस नंबरवर तनुजा बसणार होती, त्याची मुलगी. प्लेसमेंट बघणाऱ्या हेमा मॅडमनी यादी कालच दारावर चिकटवली होती. बावीसवर कोणी देशमुख नावाचा मुलगा, चोवीसवर नम्रता.

बजरंग इथला लॅब अटेंडंट. हडपसरच्या पुढे, मांजरीच्या रस्त्याला हे कॉलेज उभं राहिलं तेव्हा त्याच्या वडिलांची जमीन त्यात गेली आणि घरातल्या एकाला नोकरी मिळाली. लॅब उघडायची, झाडून घ्यायची, मुलांच्या रजिस्टरवर सह्या घ्यायच्या, संध्याकाळी कुलूप लावायचं, एवढंच त्याचं काम. पण नेटवर्क सांभाळणारे साई सर जुलैत एका मोठ्या कंपनीत निघून गेले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. जाण्यापूर्वी दोन दिवस बसून त्यांनी बजरंगला सगळं समजावलं होतं. कॉलेजात बाहेरून येणारी लाइन एकच. प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो. शंभराच्या पुढचे पत्ते लॅबचे, त्यांना नेट मोजूनमापून मिळतं. पन्नासच्या आतले पत्ते ऑफिसचे आणि प्राचार्यांचे, त्यांना मोकळं. बजरंगनं ऐन उमेदीत रानात उभं राहून कालव्याच्या पाण्याची दारं धरली होती. त्याला हे दोनदा सांगावं लागलं नाही.

काल दुपारी प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं.

"उद्या कॉलेज तपासायला कमिटी येतेय. दहा ते एक कॉन्फरन्स रूममध्ये व्हिडिओ दाखवायचेत. मध्येच अडकायला नकोत. लॅबची लाइन आवळून ठेवा."

"सर, उद्या अकराला पोरांची कंपनीची परीक्षा हाय. लॅब तीनमधी. समदी ऑनलाइन."

प्राचार्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"परीक्षेत अक्षरंच असतात ना हो? अक्षरांना असं किती नेट लागतं?"

बजरंगला त्याचं उत्तर येत होतं. ते त्यानं दिलं नाही. संध्याकाळी सर्व्हर रूममध्ये जाऊन त्यानं सांगितल्याप्रमाणे लाइन आवळली, मग लॅबमध्ये येऊन एक मशीन चालू करून पाहिलं. साधं एक पान यायला चार मिनिटं लागली. तो तिथेच स्टुलावर बसून राहिला होता. घरी गेल्यावर तनुजा ओट्यापाशी उभी राहून, त्याच्या बायकोच्या, कौशल्येच्या हाताखाली पोळ्या शेकता शेकता गणितांची सूत्रं पुटपुटत होती. त्यानं जेवताना तिला काही सांगितलं नाही. आणि आज तो नेहमीपेक्षा तासभर आधी आला होता.

सतरा नंबर अकाउंट्स ऑफिसातल्या मशीनचा होता. ऑफिसातली झाडून सगळी माणसं आज कमिटीच्या मागेपुढे असणार होती. ते मशीन कोणी लावणार नव्हतं, म्हणून तो पत्ता रिकामा होता.

अकराला मुलं आत आली. इस्त्रीचे शर्ट, मुलींच्या ओढण्या पिना लावून बसवलेल्या. तनुजा त्याच्या समोरून गेली, पण कॉलेजात ती त्याच्याशी बोलत नसे. नम्रता मात्र थांबली.

"काका, माझ्या मशीनचा माऊस नीट आहे ना? मागच्या वेळी अडकत होता."

"बदललाय," तो म्हणाला.

नम्रता उदगीरकडची. मांजरीत एका खोलीत चार मुली राहत, त्यांतली एक. पहिल्या वर्षापासून ती आणि तनुजा एका बाकावर बसत आल्या होत्या. दिवाळीला गावी जाणं झालं नाही, की तिचं अभ्यंगस्नान बजरंगच्या घरी व्हायचं. कौशल्या दोघींच्या पाठीला एकाच वाटीतलं उटणं लावायची.

परीक्षा सुरू झाली. साठ प्रश्न, साठ मिनिटं, एका पानावर एक प्रश्न. पहिलं पान सगळ्यांचं आलं, कारण हेमा मॅडमनी ते आधीच उघडून ठेवायला लावलं होतं. दुसरं पान कोणाचं येईना. पडदे पांढरे झाले. वरच्या कोपऱ्यातलं परीक्षेचं घड्याळ मात्र चालूच होतं. ते मिनिटामिनिटानं खाली उतरत होतं. पाठीमागे कोणीतरी शिवी हासडली. हेमा मॅडम मोबाइल कानाला लावून बाहेर गेल्या, आत आल्या, परत बाहेर गेल्या.

"कंपनी म्हणते त्यांच्याकडे सगळं ठीक आहे," त्या बजरंगला म्हणाल्या. "आपल्याकडेच काहीतरी आहे. बघा ना हो जरा."

"बघतो," तो म्हणाला.

पोरांनी हात वर करायला सुरुवात केली. तो एकेका मशीनपाशी जाई, मागची वायर काढून परत खोचून बघितल्यासारखं करी. त्यानं काही होणार नाही हे त्याला माहीत होतं. चोवीस नंबरपाशी तो आला तेव्हा नम्रता हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून पडद्याकडे पाहत होती. ती सहाव्या प्रश्नावर होती आणि पंचवीस मिनिटं उरली होती.

शेजारी तेवीस नंबरवर पान उलटावं तसे प्रश्न सरकत होते.

तनुजानं एकदा नम्रताच्या पडद्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या. मग मान वर करून वाकलेल्या बजरंगकडे. त्या दोघांची नजर क्षणभर एकमेकांत अडकली आणि त्यानंच ती आधी काढून घेतली. वायर खोचून तो सरळ झाला तेव्हा तनुजा पुन्हा पडद्याकडे वळली होती. तिनं पुढचा प्रश्न वाचायला घेतला होता.

दुपारी एकला कमिटी जेवायला गेली. बजरंगनं लाइन मोकळी केली आणि तेवीस नंबरला त्याचा जुना पत्ता देऊन टाकला.

चौथ्या दिवशी निकाल लागला. फलकावर एकच नाव होतं.

कौशल्येनं गल्लीत पेढे वाटले. ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्या भावकीतही ती ताट घेऊन जाऊन आली. बजरंग घराच्या मागे गोठ्यात म्हशीसाठी उसाचं वाढं तोडत बसला होता. जमिनीपैकी घर, हा गोठा आणि मागचा एक तुकडा तेवढा राहिला होता. तनुजा येऊन दावणीपाशी उभी राहिली.

"अण्णा, सतरा नंबर कुणाचा?"

त्याचा कोयता थांबला नाही.

"अकौंट हापिसातला."

"मग माझ्या मशीनला कसा आला? पेपर संपल्यावर मी बघितलं. लॅबमध्ये कुणाचाच पत्ता शंभराच्या आत नाही."

"समद्यांचंच बंद पडणार हुतं, तने. येकाचं तरी चालावं."

"ते एक माझंच का?"

याचं उत्तर इतकं सोपं होतं की ते तोंडानं सांगायची लाज वाटावी. त्यानं तोडलेलं वाढं गोळा करून म्हशीपुढे टाकलं.

"मला सगळ्यांसारखं बसवलं असतं ना," तनुजा म्हणाली, "तरी माझं झालं असतं. सगळ्यांचं नेट चालू असतं, तरी झालं असतं." ती थांबली. "झालं असतं ना, अण्णा?"

"झालं आस्तंच की."

"आता कसं कळणार ते?"

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी बोलत होती.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती पुढे म्हणाली. "नमीचं पान अडकलेलं मी बघितलं. तेव्हा उठता आलं असतं. मी उठले नाही. मी सगळे साठ सोडवले." ओढणीचं टोक तिनं बोटाभोवती गुंडाळलं. "उद्या मी हेमा मॅडमना सांगणार आहे."

"तू नगं जाऊ."

"अण्णा—"

"मी जातो. केलंय मी, सांगीन बी मीच."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसला. आतून हसण्याचे आवाज येत होते. कमिटीनं चांगला शेरा दिल्याची बातमी सकाळीच आली होती. अर्ध्या तासानं त्याला आत बोलावलं.

त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. लाइन कशी आवळली ते, परीक्षेत पानं कशी आली नाहीत ते, तेवीस नंबरचं ते. त्याचं संपल्यावर प्राचार्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून पेल्यात ठेवली.

"तुम्ही लॅब अटेंडंट ना, बजरंग?"

"व्हय सर."

"अटेंडंटला नेटवर्कचं सेटिंग बदलायचा अधिकार असतो?"

"न्हाई सर."

"मग तुम्ही ते बदललेलं नाही."

बजरंगला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"सर, बदललंय मी. माझ्याच हातानं. काय शिक्षा आसंल ती द्या. पन पोरांची परत परीक्षा घ्यायला लावा कंपनीला. लई हुशार पोरं हायेत त्यात."

"अहो, कंपनीला काय कळवू? की आमच्याकडे एका मशीनला नेट होतं आणि एकोणसाठ मशीनना नव्हतं? का नव्हतं, असं विचारतील ना ते. विचारतील की नाही?" प्राचार्यांनी समोरची फाइल त्याच्याकडे वळवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे कमिटीला दिलंय. इंग्रजीत आहे, मी सांगतो. सर्व प्रयोगशाळांना समान वेगानं इंटरनेट उपलब्ध. खाली सह्या आहेत. नेट सगळ्यांना सारखंच होतं, बजरंग. मुलं कमी पडली."

फाइल मिटली. मग ते जरा मवाळ आवाजात म्हणाले, "लेकीचं अभिनंदन करायचं राहिलंच माझं. कष्टाचं फळ आहे. पेढा घ्या."

खोक्यात दोन पेढे उरले होते. बजरंगनं त्यांतला एक उचलला आणि बाहेर आल्यावर तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी रुमालात गुंडाळून खिशात घातला.

संध्याकाळी तनुजानं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हनले, नेट समद्यांला सारखंच हुतं."

तनुजा आत गेली आणि तिनं दिवा लावला. पुस्तक उघडल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

हेमा मॅडमकडे ती पुढे गेली की नाही, बजरंगनं विचारलं नाही. जाऊन उपयोग झाला नसता, कारण त्याच महिन्यात पेपरांतून मंदीच्या बातम्या यायला लागल्या. अमेरिकेत कसली बँक बुडाली, इथे कंपन्यांनी भरती थांबवली. हेमा मॅडमच्या फलकावर जुनेच कागद पिवळे पडत राहिले. त्या वर्षी कॉलेजात दुसरी कंपनी आलीच नाही. तनुजाला बोलावणं येणार की तेही रद्द होणार, कुणालाच सांगता येत नव्हतं. एक-दोनदा ते रद्द झालंय अशी अफवा आली तेव्हा तनुजाचा चेहरा मोकळा झाल्यासारखा बजरंगला वाटला. पण मे महिन्यात पत्र आलं.

या आठ महिन्यांत तिनं बाक बदलला होता. पुढे एकटी बसायची. मुलं म्हणत, नोकरी लागली तशी चढली. नम्रता तसं म्हणत नसे. ती दोनदा घरी येऊन गेली, दोन्ही वेळा तनुजा झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिली आणि कौशल्येनं चहा दिला. त्या दिवाळीला उटण्याची वाटी एकटीसाठीच निघाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नम्रतानं खोली सोडली. तिला न्यायला तिचे वडील आले होते. आदल्या दिवशी तनुजा बजरंगला म्हणाली, "नमी उद्या चाललीय. नऊच्या गाडीनं, गाडीतळावरून. मी जाणारे. तुम्ही येता?"

तो लगेच हो म्हणाला नाही. सकाळी मात्र तिच्याआधी चपला घालून उभा होता.

हडपसरच्या गाडीतळावर सोलापूर रोडची वाहतूक अंगावर येत होती. सहा आसनी रिक्षा, कामगारांच्या बस, कॉल सेंटरच्या पांढऱ्या गाड्या. नम्रता एका सुटकेसवर बसली होती. शेजारी दोन पोती, एक बादली आणि तिचा दोरीनं बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा. वडील, वैजनाथ, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाडी आली तेव्हा त्यांनी सामानाआधी टायरकडे पाहिलं, पायानं दाबून बघितलं, आणि मग चालकाशी ओळख काढून पोती टपावर चढवली. उरलेल्या पाच मिनिटांत ते बजरंगपाशी येऊन उभे राहिले.

"लेकरू तुमचं लई नाव काढतं. काकांच्या घरी जेवले, काकूनं असं केलं. परक्या गावात कोन कोनाचं करतंय बगा."

बजरंगनं खाली राहिलेली बादली उचलून गाडीच्या दारात ठेवली.

"तुमची लेक लागली, लई बरं झालं. आमचीला जमलं न्हाई." वैजनाथनी मानेवरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "आता गावात एक जन कॉम्प्युटरचा क्लास काढतोय, तितं शिकवंल म्हनती. मी तिला कदी बोललो न्हाई. पन तुमी कॉलेजातले, तुमाला माहीत आसंल. कुटं कमी पडलं वो आमचं लेकरू? आब्यासात, का विंग्रजीत? खरं सांगा, मला राग न्हाई येनार."

रस्त्यावरून एक कंटेनर गेला आणि तो जाईपर्यंत थांबावं लागलं.

"तिचं कायबी चुकलं न्हाई," बजरंग म्हणाला.

"तसं न्हवं, कायतरी—"

"न्हाई वो. तिचं न्हाई चुकलं. त्या दिशी नेट माझ्या—"

"नेट," वैजनाथ हसले. ते हसणं सगळं मान्य केलेल्या माणसाचं होतं. "ती बी तेच म्हनती. आमच्या डेपोत बी गाडी बंद पडली की डायवर डिझेलला नाव ठिवतो. ऱ्हाऊ द्या. तुमी मनाचे मोठे म्हनून झाकून घेताव."

वाहकानं घंटी मारली. वैजनाथ घाईनं चढले. तनुजा आधीच आत होती, नम्रताच्या जागेवर पुस्तकांचा गठ्ठा ठेवत. बजरंगला खालून खिडकीच्या गजांआडून दोघी दिसत होत्या. तनुजा वाकून काहीतरी सांगत होती. फार वेळ नाही. चार-पाच वाक्यं असतील. सांगताना तिनं नम्रताकडे नाही, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. गाडी सुरू झाल्यावर वाहक ओरडला, तशी तनुजा उतरून आली आणि बजरंगपासून दोन पावलांवर उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

नम्रता खिडकीत बसली. तिच्या पलीकडून वैजनाथनी पुढे झुकून बजरंगला बघितलं आणि गजांपर्यंत दोन्ही हात आणून नमस्कार केला.

"येतो दादा! लई उपकार झाले!"

बजरंगचे हात अर्धे वर आले आणि तिथेच राहिले.

नम्रता त्याच्याकडे पाहत होती. गाडी हलली. पाहता पाहताच तिनं एक हात उचलला आणि वडिलांचे जोडलेले हात हळूच धरून खाली घेतले.